दुसऱ्याच्या मापाचा शब्द

चष्म्याच्या त्या दुकानात मागच्या खोलीत बसून जो माणूस काचा घासायचा, त्याला सगळे मुकादम म्हणत. खरं तर मुकादमाच्या हाताखाली माणसं असावी लागतात. याच्या हाताखाली काच घासायचं एक चाक, काड्या वाकवायचं गरम हवेचं एक यंत्र आणि बारीकसा स्क्रूड्रायव्हर, एवढीच फौज होती. पण बोलायच्या बाबतीत मुका आणि कामाच्या बाबतीत दमदार, म्हणून मालकांनी केव्हातरी हे नाव पाडलं आणि ते चिकटलं. खरं नाव विचारलं असतं तर त्यालाही क्षणभर आठवावं लागलं असतं.

गंमत अशी की, ज्याला माणसाच्या तोंडाकडे बघायचा संकोच, त्याच्या नशिबी धंदा आला तो माणसाच्या डोळ्यांत डोळे घालायचा. गिऱ्हाईक आलं की दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायला वीतभर अंतरावर जाऊन बसावं लागतं. पट्टी नाकावर धरायची, एक डोळा मिटायचा, मग दुसरा. मुकादम हे इतक्या निवांतपणे करायचा की लोकांनाच लाजल्यासारखं व्हायचं. पट्टी खाली ठेवली की मात्र याची नजर जी जमिनीला खिळायची, ती गिऱ्हाईक दाराबाहेर पडेपर्यंत वर यायची नाही. आसपासची निम्मी नाकं त्याच्या ओळखीची होती. नाकांच्या मालकांशी त्याचं बोलणं ‘टोचतंय का?’ आणि ‘आता?’ यापलीकडे कधी गेलं नाही.

घरी बोलायला त्याची थोरली बहीण होती. ताई. ती तरुणपणीच नवरा गमावून, कडेवरच्या मुलाला घेऊन भावाकडे आली आणि तिथलीच झाली. ताईचं तोंड म्हणजे चालू नळ. दूधवाल्याशी हुज्जत घालायची ती, घरमालकाला गळकं छप्पर दाखवायची ती, डॉक्टरला ‘याचं पोट दुखतंय’ हेही सांगायची ती. ज्याचं पोट दुखतंय तो शेजारी बसून मान डोलवायचा. मुलगा, म्हणजे मुकादमाचा भाचा, लहानपणी म्हणायचा, “आई, मामाचं तोंड तुझ्याकडे ठेवायला दिलंय का गं?”

मुकादमाला काय हवंय हे ताईला कळायची एक युक्ती होती. काही विचारलं आणि त्यानं चष्मा काढून पुसायला घेतला, की नाही. चष्मा नाकावरच राहिला, की हो. ही रीत कुणी ठरवली नव्हती. त्याच्यासाठी एक स्थळ आलं होतं तेव्हा पाहुण्यांसमोर त्यानं चष्मा काढून इतका वेळ पुसला की काचांचा नंबर बदलतो की काय असं वाटावं, आणि तेव्हापासून घरात हा कायदाच झाला. भाजी चालेल? चष्मा नाकावर. भिंतीला हिरवा रंग देऊ? चष्मा हातात. भाच्याला बोर्डिंगला ठेवू? चष्मा हातात, आणि पुसणं थांबेचना. भाचा मामाच्याच घरी शिकून मोठा झाला, दूरच्या शहरात नोकरीला लागला, त्यानं तिथं घर केलं.

तो भाचा वर्षानुवर्षं आईला म्हणत होता, इकडे ये राहायला. आई दर वेळी म्हणायची, “मामाला विचारते.” आणि विचारायची कधीच नाही.

एका सकाळी मात्र तिनं विचारलं. आणि नेमकं त्याच सकाळी घोटाळा झाला.

दुकानात जगाच्या काड्या घट्ट करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या चष्म्याची बिजागरी कित्येक दिवस ढिली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्या सकाळी काडी अखेर हातात आली. मुकादम चष्म्याचे दोन तुकडे टेबलावर ठेवून, डोळे बारीक करून स्क्रू शोधत बसला होता. ताई चहा घेऊन आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, “बाबू, तो परत म्हणत होता. मला वाटतं आता जावंच. कायमचंच म्हणते. जाऊ ना?”

मुकादमाचा हात झटकन कानाकडे गेला. तिथं काही नव्हतं. नाकावरून बोट फिरलं, तिथंही काही नव्हतं. काढायचा तर काय काढायचा? त्यानं नुसतीच कानशिलं खाजवली. ताई बघत राहिली, जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “बरं.” आणि कप ठेवून आत गेली. संध्याकाळी तिनं मुलाला फोन केला, “मामाची हरकत नाही.”

आता कुणीही शहाणा माणूस म्हणेल, अरे, मग तोंडानं सांग की! पण शहाण्या माणसाला मुकादम ठाऊक नाही. त्यानं दुसऱ्या दिवशी जेवताना, चांगला दुरुस्त केलेला चष्मा ताईसमोर काढला आणि खसाखसा पुसला. ताई म्हणाली, “वाफ बसली का रे?” प्रश्नच नसेल तर उत्तराला कोण विचारतो? तो रात्री अंथरुणात पडून मनातल्या मनात तिला सांगायचा, नको जाऊस. ताई गेली तर या घरात नळाचं पाणी पडेल, घड्याळ वाजेल, पण माणसाचा आवाज येणार नाही. आणि सकाळी उठून तो तिच्यासाठी बॅगेची साखळी दुरुस्त करून द्यायचा. तिला जायचंच असेल तर आपण कोण आडवे येणारे, असंही त्याला वाटायचं. रविवारच्या गाडीचं तिकीट आलं होतं.

त्या आठवड्याच्या सुरुवातीला दुकानात इंग्रजीच्या निवृत्त बाई आल्या. बाईंचा चष्मा सारखा घसरत असे. कारण साधं होतं: बाईंचा डावा कान उजव्यापेक्षा किंचित वर होता. जगात बहुतेकांचं असंच असतं, पण आपले कान वरखाली आहेत हे ऐकायला कुणाला आवडतं? मुकादमानं काही न बोलता माप घेतलं, फ्रेम घेतली आणि मागच्या खोलीत गेला. दोन खोल्यांमध्ये अर्ध्या उंचीची धुरकट काच होती. तिच्यावरून आवाज सगळा इकडे येई.

मालक बाईंना म्हणाले, “आमचा मुकादम फार लाजाळू. शाय. व्हेरी शाय.”

“शाय?” बाई म्हणाल्या. “मला नाही तसं वाटलं. डोळ्यांत काय सरळ बघतात! डिफिडंट म्हणा फार तर.”

मालक “हो हो, तेच ते,” म्हणाले. कळलं नाही की ते नेहमी तेच ते म्हणत. बाई शुक्रवारी येते सांगून गेल्या.

मुकादमानं चाक थांबवलं. डिफिडंट. आजवर लोकांनी त्याला पुष्कळ काही म्हटलं होतं. लाजरा, बुजरा, भिडस्त, घुमा, मुखदुर्बळ. नातेवाइकांपैकी एकानं ‘तोंडात मिठाची गुळणी धरलेला’ म्हटलं होतं, तर शेजारीण ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ म्हणाली होती, ते त्याला फार लागलं होतं, कारण पोटात पाय नव्हते, शब्द होते. पण हा शब्द नवा होता, आणि पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं होतं की तू लाजाळू नाहीस, दुसरंच काही आहेस. आपल्याला एखादा आजार आहे असं कळावं आणि त्याचं नाव परक्या भाषेत असावं, तसं त्याचं झालं. काय असतं ते? वाईट असतं का?

विचारायचं तर कुणाला? अर्थ लाजेचा, आणि तो विचारायचीच लाज. त्यानं मालकांना विचारायचं ठरवलं. त्यासाठी त्यांच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. मालक म्हणाले, “पगारी सुट्टी हवी का?” त्यानं मान हलवली आणि परत आला.

मग तो एकटाच विचार करत बसला, आणि काचा घासता घासता जुने शब्द एकेक करून स्वतःला लावून बघायला लागला, फ्रेमा लावून बघाव्यात तसे. बुजरा म्हणावं, तर बुजतं ते वासरू. ते अनोळखी माणूस दिसलं की उधळतं. आपण काही उधळत नाही, जागेवरच असतो. लाजरा म्हणावं, तर लाजण्यासारखं आपण काय केलंय? भिडस्त म्हणावं, तर भिडस्ताला नाही म्हणता येत नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ती त्यासाठीच. पण आपण तर बिनदिक्कत नाही म्हणतो, चष्मा काढतो की! मुखदुर्बळ मात्र जरा बसतो, हे त्याला मान्य करावं लागलं. इतकी वर्षं आपण सगळेच शब्द न बघता अंगावर घेत आलो, याचं त्याला नवल वाटलं.

जेवताना त्यानं एकदम म्हटलं, “डिफिडंट.”

ताईच्या हातातला चमचा थांबला. “काय झालं? कुठल्या औषधाचं नाव आहे का? कुठं दुखतंय?”

त्यानं मान हलवली. “अर्थ.”

बस्स, एवढं पुरे होतं. ताईनं लगेच मुलाला फोन लावला आणि टेबलावर ठेवला. “अरे, मामाला एका शब्दाचा अर्थ हवाय. नीट सांग, घाई करू नकोस, आणि जेवलास का ते आधी सांग. सर्दी गेली का? बायकोची परीक्षा कशी झाली?” असं सगळं झाल्यावर शब्दाची पाळी आली.

“डिफिडंट?” भाचा म्हणाला. “म्हणजे कॉन्फिडंटच्या उलटं, मामा. आमच्याकडे मुलाखतीत कुणी तसा दिसला की घेत नाहीत. मागे मागे राहणारा. का रे, कुणी म्हटलं तुला?”

मुकादमानं चष्मा काढला.

“सांगायचं नाहीये त्याला,” ताईनं फोनला सांगितलं. आणि मग हसत, “मागे मागे राहणारा म्हणजे तूच की रे बाबू! मी पुढं नसते तर तू अजून शाळेच्या दारातच उभा असतास.” ती हसली खरी, पण उठून भांडी गोळा करायला लागली आणि बराच वेळ स्वयंपाकघरातच राहिली.

मुकादमाचं समाधान झालं नाही. कॉन्फिडंट कुणाला म्हणतात हे त्याला कळत होतं. तो काच घासायला घेई तेव्हा त्याचा हात कधी थरथरला नव्हता. आणि ताईनं जावं की राहावं, याबद्दल त्याच्या मनात कणभर शंका नव्हती. मग कशाच्या उलटं?

शुक्रवारी बाई आल्या. मुकादमानं नवा चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला, कानामागे बोट फिरवलं, काढला, काडी गरम केली, वाकवली, परत लावला. “आता?” बाई म्हणाल्या, छान. त्यानं परत काढला. परत गरम केला. परत लावला. बाई म्हणाल्या, उत्तम. त्यानं तिसऱ्यांदा काढला. पुढच्या खोलीत मालक कुणाला तरी फ्रेमा दाखवत होते. यंत्राची गरम हवा मुकादमाच्याच कानांना लागत होती.

“अहो,” बाई म्हणाल्या, “कान दोनच आहेत मला. कितीदा बसवणार?”

“बाई,” मुकादम चष्म्याकडे बघत म्हणाला, “डिफिडंट ही शिवी आहे का?”

बाई आधी दचकल्या, मग त्यांचा चेहरा पडला, आणि मग शिकवायला मिळणार म्हणून उजळला. हे सगळं बाईंच्या नाकावर चष्मा नसल्यामुळे त्याला अगदी स्पष्ट दिसलं. “ऐकलंत तुम्ही? अहो, माफ करा. शिवी नाही. कौतुकही नाही. बसा इथं, सांगते.”

तो बसला.

“शाय माणूस असतो ना, तो माणसांना बुजतो. पाहुणे आले की आत पळतो, पाहुणे गेले की बाहेर येऊन नाचतो. डिफिडंट माणूस पाहुणे गेल्यावरही तसाच. त्याचा भरवसा नसतो तो स्वतःवर. आपल्याला काय वाटतं याला काही किंमत आहे, असंच त्याला वाटत नाही. जुन्या काळी हाच शब्द दुसऱ्यांवर भरवसा नसलेल्याला वापरत. मग हळूहळू तो आतल्या बाजूला वळला. गंमत आहे की नाही?”

मुकादम विचारात पडला. मग म्हणाला, “मला काय हवं ते मला ठाऊक असतं. म्हणता येत नाही, एवढंच.”

“असं?” बाईंनी त्याच्याकडे रोखून बघितलं, जितकं चष्म्याविना बघता येतं तितकं. “मग माझं चुकलं. तुम्ही नुसतेच शाय. शब्द मागे घेते.”

“कमी बोलणाऱ्यालाच म्हणतात का तो?”

“छे! तिथंच सगळे फसतात.” बाई आता वर्गातच पोचल्या होत्या. “माझ्या वर्गात एक मुलगी होती. अखंड बडबड. बाई, हिला पाणी प्यायला जाऊ द्या, बाई, तिचं पोट दुखतंय, बाई, हिच्याकडे पुस्तक नाही. साऱ्या वर्गाची वकील. आणि स्वतः तहानेनं व्याकुळ झाली तरी घंटेपर्यंत बसून राहायची. एकदा चक्कर येऊन पडली तेव्हा कळलं. विचारलं, का गं नाही विचारलंस? तर म्हणाली, माझ्यासाठी कसं विचारायचं? आता सांगा, तिला लाजाळू म्हणाल? सगळ्या शाळेत तिच्याएवढं मोठं तोंड नव्हतं. पण मी ज्याला डिफिडंट म्हणते, ती ही.”

मुकादमाच्या हातात चष्मा तसाच राहिला.

“द्या की आता,” बाई म्हणाल्या. “बसला होता तो पहिल्यांदाच.”

संध्याकाळी घरी जाताना मुकादम वाटेत दोनदा थांबला. शब्द त्याच्या मापाचा नव्हता, हे नक्की झालं होतं, आणि त्याचं त्याला बरंही वाटलं होतं. पण शब्द काही पाठ सोडेना. ताईला चहा कसा आवडतो? त्याला सांगता येईना. उरलेला, असं उत्तर आलं. हिरवा रंग तिनं विचारला होता तो कुणाला आवडत होता म्हणून? त्यानं चष्मा काढला आणि भिंत पांढरी झाली, पुढे त्याचं नाव कुणी काढलं नाही. आणि तिचा स्वतःचा चष्मा! साऱ्या दुनियेला फ्रेमा बसवणाऱ्या भावाची बहीण वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांनी नाकारलेल्या, कोपरा उडालेल्या फ्रेमा घालत होती. तो दर वेळी दोनचार पुढे करायचा आणि ती म्हणायची, “कुठलीही दे, मला काय करायचंय.” तो कुठलीही द्यायचा. हे आठवलं तेव्हा त्याला स्वतःची खरोखर लाज वाटली, आणि लाजरा हा शब्द पहिल्यांदाच त्याला बरोबर बसला.

ती सकाळ तर आता वेगळीच दिसायला लागली. ‘जाऊ ना?’ म्हणून ती उभी राहिली होती. एवढा वेळ कशासाठी उभी होती?

घरी बॅग पलंगावर उघडी होती आणि ताई बोलत होती. “आलास? ऐक. डाळीचा डबा वरच्या फळीवर ठेवलाय, मुंग्या लागतात खाली. दूधवाला पाणी घालतो, त्याच्याशी बोलायचं नाही तुला तर निदान डोळे वटार. पाण्याचा पंप शेजारच्यांना सांगून ठेवलाय. तुझे लोकरीचे कपडे या कपाटात, आणि हे बघ...”

“ताई, बस,” मुकादम म्हणाला.

ती बसली. तो असं काही म्हणेल असं नव्हतंच, म्हणून बसली.

“तुला जायचंय का?”

“अरे, तो किती वर्षं म्हणतोय! खोली रंगवून घेतलीय त्यानं माझ्यासाठी...”

“तो नाही. तू.”

“सूनही म्हणते. आणि तुलाही जरा मोकळं मिळेल. जन्मभर मी इथं ठाण मांडून बसले. तुझीही हरकत नव्हती...”

“माझा चष्मा मोडला होता,” मुकादम म्हणाला. “काढायला नव्हताच नाकावर. मला तू हवी आहेस इथं. ते माझं झालं. तुझं काय?”

एवढं लांब तो आयुष्यात एका दमात बोलला नव्हता. ताईनं तोंड उघडलं. सून, मुलगा, तिकीट, खोलीचा रंग, सगळे तिथं हजर होते, पण त्यातलं एकही वाक्य बाहेर आलं नाही. नळ बंद झाला.

मग ताईनं हळूच हात वर केला. कोपरा उडालेला तो चष्मा नाकावरून काढला आणि बॅगेतला घडी घातलेला रुमाल घेऊन पुसायला लागली. एक काच पुसली, दुसरी पुसली. काचा स्वच्छच होत्या. ती पुसतच राहिली.

मुकादमानं टेबलावरचा फोन उचलला. नंबर त्याला पाठ होता, पण लावायची वेळ आजवर आली नव्हती.

“मामा?” पलीकडून घाबरा आवाज आला. “तू कसा फोन केलास? आई कुठंय? काय झालं?”

“काही नाही,” मुकादम म्हणाला. “रविवारच्या गाडीबद्दल विचारलं तिला. ती चष्मा पुसतेय.”

“मग तिकीट रद्द करतो,” भाचा म्हणाला. तो याच घरात वाढला होता.